काल काय जेवलात?

"काल काय जेवलात?" हा प्रश्न आपल्याकडे कुणीही कुणालाही विचारतं. आई फोनवर विचारते, रूममेट विचारतो, ट्रेनमध्ये समोर बसलेल्या काकूसुद्धा विचारतात. उत्तर देताना आपण फारसा विचार करत नाही. पण या देशात गरीब किती, कुपोषित किती, शाकाहारी किती हे सगळे आकडे शेवटी याच प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहेत. प्रश्नातला एक शब्द बदलला की कोट्यवधी माणसं कागदावर गरिबीच्या बाहेर पडतात. आणि हे खरंच घडलं आहे.

ऑफिसात माझा निम्मा वेळ 'हा डेटा खरा आहे का?' या एका प्रश्नावर जातो. त्यामुळे गेले काही वीकेंड मी या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास वाचतोय. माणसाला प्रश्नावली देऊन तो आपल्या भागाचं जेवण किती पाळतो हे कळतं का? कळलं तर त्यावर भरवसा किती ठेवायचा? कोरडा वाटतो विषय, पण थोडं थांबा.

सुरुवात पिंपळे सौदागरपासून करू. पुण्यात नोकरी केलेल्या प्रत्येकाला हे नाव माहीत असतं. वन बीएचकेचं भाडं, हिंजवडीचा ट्रॅफिक वगैरे. पण शंभर वर्षांपूर्वी ते पवना नदीकाठचं एक साधं गाव होतं, आणि जगभरच्या अर्थतज्ज्ञांना ते ठाऊक होतं! पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१७ साली या गावावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. कुणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, आणि वर्षाला घर चालवायला लागतं किती. हे शेवटचं काढायचं तर कुटुंब काय खातं आणि किती खातं याचा हिशोब आलाच. मान यांनी तो गावकऱ्यांच्या स्वतःच्या राहणीनुसार मांडला आणि बहुतेक कुटुंबांचं उत्पन्न त्या खर्चाला पुरत नाही असं दाखवलं. १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुकवर दुसरा खंड आला. तिथे सहलेखक होते ना. वि. कानिटकर.

म्हणजे जेवणाचा आकडा थोडा इकडचा तिकडे झाला की 'कर्जात बुडालेलं गाव' आणि 'कसंबसं भागणारं गाव' यातला फरक पुसला जातो. ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांत पुन्हापुन्हा येणार आहे, लक्षात असू द्या.

१९३० च्या दशकात कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये (आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. आयक्रॉइड यांच्या काळात आहार पाहणीचं शास्त्र आकाराला आलं. तेव्हाची पद्धत सरळ होती: विचारू नका, मोजा. तराजू घेऊन घरात जायचं, शिजवण्याआधी धान्य-भाजी तोलायची आणि असं काही दिवस करायचं. १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं त्यांचं पुस्तक आलं. किती ग्रॅम बाजरी म्हणजे किती कॅलरी, याचं कोष्टक त्यामुळे हाताशी आलं.

तोलण्यात अडचणी दोन. एक म्हणजे खर्च. दुसरी जास्त मजेशीर आहे: तराजू घेऊन परका माणूस चुलीजवळ बसला की घरातली बाई त्या दिवशी तेच शिजवेल का, जे एरवी शिजवते? पाहुण्यासमोर शिळी भाकरी कोण काढेल? आपल्या भाषेत सांगायचं तर डीबगर लावला की प्रोग्रॅमचं वागणंच बदलतं.

म्हणून मग विचारणं आलं. १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने नॅशनल सँपल सर्व्हे सुरू झाला. पहिली फेरी ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१, गावं १८३३. त्यातल्या काही गावांचं काम पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने केलं. गोखले इन्स्टिट्यूट म्हणजे डेक्कनजवळची तीच दगडी इमारत, जिच्यासमोरून आपण बीएमसीसी रोडला हजारदा गेलेलो असतो.

आता विचार करा, १९५० मध्ये हे विचारायचं कसं? दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा. तोवर पायली, अधोली, शेर, मण. पायलीसुद्धा सगळीकडे सारखी नाही, एका तालुक्यातली पायली दुसऱ्या तालुक्यात चालेलच असं नाही. उत्तर 'महिन्याला दहा पायल्या' असं अगदी प्रामाणिक मिळालं तरी ते किती किलो हे ठरवणं हे वेगळंच प्रकरण.

त्याहून मोठा घोळ काळाचा होता. मागच्या आठवड्याचं विचारायचं की मागच्या महिन्याचं? आठवड्याचं ताजं असतं, म्हणून ते बरोबर असणार असं आपल्याला वाटतं. महालनोबिस आणि एस. बी. सेन यांनी १९५४ साली एक लेख प्रसिद्ध केला. त्यात बंगालमध्ये करून पाहिलेली तुलना होती. तोंडी सांगितलेले आकडे एकीकडे आणि प्रत्यक्ष तोललेले आकडे दुसरीकडे. निकाल उलटा लागला! धान्यासारख्या रोजच्या वस्तूंच्या बाबतीत आठवड्याचं उत्तर फुगलेलं निघालं आणि महिन्याचं तराजूच्या जास्त जवळ आलं.

असं का होतं? 'मागच्या सात दिवसांत' म्हटलं की नऊ दिवसांपूर्वीची खरेदीसुद्धा माणूस त्यातच ओढतो. तारखांची कडा मनात अंधूक असते. महिन्याला ही कडा प्रमाणात लहान पडते, आणि 'महिन्याचं रेशन किती भरतो' हे घराघरात पाठ असतं. उलट मटण, फळं, चिवडा, बाहेरची भेळ हे महिन्याभराचं कुणाला आठवणार? तिथे महिन्याचं उत्तर हमखास कमी येतं. एकच माणूस, एकच प्रामाणिकपणा, पण बाजरीबद्दल एक घड्याळ बरोबर आणि भेळेबद्दल दुसरं.

देशाने महिना स्वीकारला आणि चाळीसेक वर्षं तो चालला. मग १९९४ ते १९९८ च्या फेऱ्यांत एक प्रयोग झाला. निम्म्या घरांना जुनी प्रश्नावली आणि निम्म्यांना नवी. नवीत खाण्याच्या वस्तू सात दिवसांच्या विचारल्या आणि टिकाऊ वस्तू वर्षभराच्या. आपण त्याला ए-बी टेस्टिंग म्हणतो :-) नव्या प्रश्नावलीत खर्च इतका वाढला की तीच दारिद्र्यरेषा लावली तर गरिबांची संख्या साधारण निम्म्यावर येत होती. कुणाच्या ताटात एक घास वाढला नव्हता, फक्त प्रश्न बदलला होता.

पुढची कडी १९९९-२०००. या फेरीत खाण्यासाठी सात दिवस आणि तीस दिवस असे दोन रकाने शेजारीशेजारी छापले गेले. आता सात दिवसांचं उत्तर लिहून झालं की तीस दिवसांचं सांगताना (आणि लिहून घेताना) माणूस मनातल्या मनात चारने गुणणारच ना! अधिकृत गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली आणि यातली खरी घट किती, रकान्यांची किती, यावर देशातले आणि परदेशातले अर्थतज्ज्ञ भांडत बसले. अँगस डीटन आणि व्हॅलरी कोझेल यांनी २००५ साली या भांडणाचा एक जाडजूड ग्रंथच काढला. २००४-०५ मध्ये तर एकाच पाहणीतून दोन आकडे आले: सगळं महिन्याचं धरलं तर २७.५ टक्के गरीब, आणि कपडे, शिक्षण, औषधोपचार अशा गोष्टी वर्षाच्या धरल्या तर २१.८ टक्के.

शेवटी तडजोड झाली, आणि ती शहाणपणाची होती. २००९-१० पासून धान्य, डाळी, दूध, साखर, मीठ यांच्यासाठी महिना. तेल, अंडी, मासे, मटण, भाज्या, फळं, मसाले यांच्यासाठी आठवडा. थोडक्यात, प्रत्येक पदार्थाला त्याचं त्याचं घड्याळ. २०२२-२३ च्या पाहणीत एकाच भेटीत सगळं विचारून माणसाला दमवण्याऐवजी तीन वेगळ्या भेटी आणि तीन वेगळ्या प्रश्नावल्या केल्या. सुधारणा चांगली आहे, पण जुन्या आकड्यांशी थेट तुलना पुन्हा अवघड झाली. इंटरफेस बदलला की जुने लॉग कामाचे राहत नाहीत, तसंच.

आता पुण्याचं भांडण. हे मला सगळ्यात आवडतं, कारण दोन्ही बाजू आपल्याच.

१९७१ साली गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा 'पॉव्हर्टी इन इंडिया' आला. दिवसाला २२५० कॅलरी मिळतील इतकं अन्न ज्या खर्चात येतं ती रेषा. १९६०-६१ च्या भावाने ग्रामीण भागात माणशी वर्षाला १८० रुपये, शहरात २७०. त्याखाली ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक होते. आकडे नॅशनल सँपल सर्व्हेचेच, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न आणि त्याची उत्तरं.

समोर उभे राहिले पां. वा. सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा माणूस, लंडनमधून डॉक्टरेट, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत वीसेक वर्षं संख्याशास्त्राचा प्रमुख आणि निवृत्तीनंतर पुण्यात. त्यांचं म्हणणं असं: एकाच निरोगी माणसाचं खाणं दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलतं आणि शरीर ते काही मर्यादेत सांभाळून घेतं. त्यामुळे पाहणीच्या त्या दिवसांत माणूस सरासरी गरजेच्या खाली दिसला म्हणून तो उपाशी ठरत नाही. रेषा सरासरीवर नको, सरासरीतून दोन स्टँडर्ड डेव्हिएशन वजा करून जिथे येईल तिथे हवी. दांडेकरांना हे अजिबात पटलं नाही. १९८१ साली त्यांनी सविस्तर उत्तर दिलं. पोषणतज्ज्ञ डॉ. गोपालन हेही सुखात्म्यांच्या विरोधात होते. कमी खाऊन शरीर जगतं, पण त्याची किंमत मोजून जगतं, असा त्यांचा रोख होता.

माझं मत विचाराल तर सुखात्म्यांचं मोजमापाबद्दलचं निरीक्षण बरोबर होतं. सर्व्हरचा सीपीयू एका मिनिटाला किती आहे यावरून आपण त्याची तब्येत ठरवत नाही. पण त्यावरून त्यांनी रेषा जिथे नेऊन ठेवली ते मला पटत नाही. आकड्यात आवाज आहे म्हणून संशयाचा फायदा नेहमी रेषेलाच का द्यायचा? भुकेल्या माणसाला का नाही?

हे झालं 'किती' खातो याचं. 'आपल्या पद्धतीचं' खातो का, हा प्रश्न आणखी निसरडा आहे. कारण आपली पद्धत म्हणजे कुठली? मी नाशकात द्वारकेला राहतो. मुंबई-आग्रा हायवे आणि पुणे रोड जिथे भेटतात तो हा चौक. इथून पश्चिमेला पेठ, सुरगाण्याकडे गेलात तर नागली, वरई आणि भात. पूर्वेला येवला, सिन्नरकडे गेलात तर बाजरीची भाकरी. आणि मधल्या शहरात गव्हाची पोळी. एकाच जिल्ह्यात तीन ताटं. 'महाराष्ट्रीय आहाराचं पालन' मोजणारी प्रश्नावली यातलं कुठलं ताट खरं धरणार?

मग शब्दांचं. एकादशीला कुणालाही विचारा, काय जेवलात? उत्तर येईल, "काही नाही, उपास होता." साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ, केळी, दोनदा चहा हे सगळं 'फराळ' असतं, 'जेवण' नव्हे! माणूस खोटं बोलत नसतो, प्रश्नच चुकीचा असतो. घरी मी आई-बाबांना वेगवेगळं बसवून विचारलं, गेल्या आठवड्यात पालेभाजी किती वेळा झाली? आई म्हणाली चार, बाबा म्हणाले दोन. आईने मेथीचं थालीपीठ आणि कोथिंबीर वडी धरली होती, बाबांनी फक्त ताटात डावीकडे... माफ करा, उजवीकडे वाढलेली 'भाजी' धरली होती. कढई एक, उत्तरं दोन.

आणि प्रतिष्ठा. २०१४ च्या सँपल रजिस्ट्रेशन सिस्टिमच्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या ४०.२ टक्के लोकांनी आपण शाकाहारी आहोत असं सांगितलं. २०१८ साली बालमुरली नटराजन आणि सूरज जेकब यांनी वेगवेगळ्या पाहण्या शेजारी ठेवून दाखवलं की देशात शाकाहारी असल्याचं जितकं सांगितलं जातं त्याहून ते प्रत्यक्षात कमी असावेत. दारात वही घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला लोक कधीकधी ताट सांगत नाहीत, घराणं सांगतात.

हा आपलाच दोष आहे असं समजू नका. भूमध्य समुद्राकाठच्या आहाराचं जगभर कौतुक झालं ते अँसेल कीज यांच्या सात देशांच्या अभ्यासातून. तो १९५८ मध्ये सुरू झाला. त्यातल्या क्रीट बेटावर काही कुटुंबांचं अन्न आठवडाभर चक्क तोललं होतं. पण त्यातली एक पाहणी ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत झाली होती, आणि तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन तेव्हा मांस-दूध सोडतात. २००५ साली ग्रीक संशोधकांनी हा मुद्दा काढला: आपण मोजलं ते क्रीटचं जेवण की क्रीटचे उपास? आपल्याकडे कुणी फक्त श्रावणात सर्व्हे करावा आणि मराठी माणूस मटणाला शिवत नाही असं जाहीर करावं, तसं झालं.

पुढे या आहाराला गुण द्यायची पद्धत आली. अँटोनिया त्रिकोपुलू यांनी १९९५ मध्ये ग्रीक खेड्यांतल्या वृद्धांसाठी एक गुणपट्टी केली. मोठा अभ्यास २००३ चा, त्यात २२,०४३ माणसं होती आणि गुण ० ते ९. बहुतेक घटकांचा गुण कसा ठरतो? त्याच गटाच्या मध्यावरून. मध्याच्या वर भाज्या खाल्ल्या की एक गुण. म्हणजे सगळं गावच बिघडलं तरी निम्म्यांना गुण मिळणारच. रिलेटिव्ह ग्रेडिंग, आपल्याला कॉलेजपासून माहीत आहे! स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात १४ प्रश्नांची झटपट चाचणी वापरली. २०११ मध्ये ती लांबलचक प्रश्नावलीशी ताडून पाहिली तेव्हा सहसंबंध ०.५२ आला. ठीकठाक आहे. पण इथे एक मेख आहे. दोन्ही प्रश्नावल्या त्याच माणसाच्या त्याच आठवणीवर चालतात. दोघींची चूक एकाच दिशेला असेल तर त्या एकमेकींना दुजोरा देतील आणि दोघीही चुकलेल्या असतील. कोड ज्याने लिहिला त्यानेच टेस्ट लिहिल्या की सगळं हिरवं दिसतं, तसं.

म्हणून आठवणीबाहेरचा साक्षीदार लागतो. एक साक्षीदार आहे विशेष पाणी. त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन जड समस्थानिकांचे असतात. ते प्यायल्यावर हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर जातो, ऑक्सिजन मात्र पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अशा दोन्ही वाटांनी. दोघांच्या वेगातला फरक म्हणजे माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून जाळलेली ऊर्जा. २००३ साली अमेरिकेत ४८४ जणांवर हे करून पाहिलं. खाण्याच्या वारंवारितेची प्रश्नावली भरताना लोकांनी आपली ऊर्जा ३० टक्क्यांहून जास्त कमी सांगितली होती. चोवीस तासांच्या आठवणीत ही तूट बरीच कमी होती, पण होतीच.

मग प्रश्नावल्या फेकून द्यायच्या? इथेच पुण्याजवळच्या सहा गावांची गोष्ट येते. १९९० च्या दशकात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने तिथल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. आहाराची बाजू आघारकर संस्थेच्या शोभा राव यांच्याकडे होती. ७९७ बायकांना गरोदरपणाच्या अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास त्यांचं खाणं विचारलं. अठराव्या आठवड्यात त्या दिवसाला सरासरी १,७७० च्या आसपास किलोकॅलरी खात होत्या. वजन सरासरी ४१.७ किलो. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन २,६६५ ग्रॅम.

२००१ साली निष्कर्ष आले. एकूण कॅलरी आणि प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी. साधा 'किती वेळा' हा प्रश्न! आणि साक्षीदार होता रक्तात: तांबड्या पेशींतलं फोलेटही त्याच दिशेने बोट दाखवत होतं. प्रश्नावलीला किती ग्रॅम ते नीट सांगता येत नव्हतं, पण कुणाच्या ताटात पाला पडतो आणि कुणाच्या नाही हे तिने ओळखलं होतं.

उलटंही घडलं. याच गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. शाकाहाऱ्यांना धोका ४.४ पट होता हे खरं, पण आकडा इतका मोठा आहे की नुसत्या शाकाहारावर तो खपवता येत नाही. 'मी सगळं खातो' म्हणणाऱ्याचं 'सगळं' महिन्यातून एखाद्या रविवारी येत असेल तर प्रश्नावलीत तो मांसाहारी, रक्तात मात्र नाही.

पुण्याचा हा धागा मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पुढे नेला गेला. २००६ पासून तिथे ६,५०० च्या वर बायकांवर प्रयोग झाला. एका गटाला पालेभाजी, फळं आणि दूध यांचा रोजचा खाऊ, दुसऱ्याला साधा खाऊ. एकूण सगळ्यांचा हिशोब धरला तर बाळांच्या वजनात ठाम फरक दिसला नाही. पण गर्भधारणेच्या तीन महिने किंवा त्याहून आधीपासून खाल्लेल्यांत सरासरी ४८ ग्रॅमची वाढ दिसली. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील वेगळाच वाटतो. खाऊ खाल्ला का हे बायकांना नंतर विचारलं नाही. तो केंद्रावर, समोर बसून खायचा होता आणि कुणी किती खाल्ला याची तिथेच नोंद होत होती. कारण घरी नेलेला खाऊ कुणाच्या तोंडी जातो हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. आधी मुलं, मग नवरा, उरलं तर ती.

आणि याच जागी शंभर वर्षांच्या बहुतेक पाहण्या थांबतात. नॅशनल सँपल सर्व्हे घर मोजतो, माणूस नव्हे. घराची बाजरी माणशी भागली की सगळ्यांना सारखी मिळाली असं कागदावर दिसतं. कढई कितीही अचूक तोला, सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणारीच्या ताटात काय आलं हे कढईला माहीत नसतं.

तेव्हा आहाराच्या सर्व्हेची बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी बघा. आठवडा विचारला की महिना? घर विचारलं की माणूस? आणि उत्तर ताडायला रक्त, तराजू किंवा डोळ्यांदेखतची नोंद असा दुसरा साक्षीदार होता का? तिन्हींची उत्तरं नसतील तर आकडा दशांश चिन्हापर्यंत दिलेला असला तरी त्याला भुलू नका.

आणि घरी विचारायचंच असेल तर "काय जेवलीस?" एवढ्यावर थांबू नका. "तुला किती उरलं होतं?" हेही विचारा. हा प्रश्न अजून फारशा प्रश्नावल्यांत नाही.